तुळसाची लोखंडी हाडं

तुळसा नुसती मान वळवत नसे, वळायची तर अख्खी वळायची. मागून कुणी हाक मारली की आधी पाय थांबत, मग कंबर, मग खांदे, असं सगळं अंग एकदम फिरे, अरुंद पांदणीत पोती भरलेली बैलबंडी फिरवावी तसं. पोरंसोरं हसायची आणि सुरुवातीला त्यांच्याबरोबर तीही हसायची. "काय करू बाप्पा, मान जाम झाली माही. तेल सोडा लागते," म्हणायची.

आसगावहून कोंढ्याकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की एक लहानशी टोली लागते. तिथल्या डोमाची ही बायको. वय सत्तेचाळीस. डोमा गवंडीकाम करतो. वर्षातले सात-आठ महिने नागपूरकडे आणि भाताच्या रोवण्याला, कापणीला घरी. एकच मुलगी, भावना. चोवीस वर्षांची, बी.ए. झालेली, पवनीला एका दुकानात कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज भरून देते. मुलगी चुणचुणीत, पण हसताना हात तोंडावर जायचा. दातांवर तांबूस-तपकिरी पट्टे होते, लहानपणापासूनचे. त्यावरून तुळसानं तिला कमी बोलणी घातली नव्हती. राखेनं घासायला लावलं, मिठानं घासायला लावलं, "बाकीच्या पोरींचे दात कसे चमकतात" म्हणून हिणवलं. पट्टे गेले नाहीत.

टोलीत तुळसा ओळखली जायची ती रोवण्यासाठी. रोवणा म्हणजे काय ते ज्यानं केला नाही त्याला सांगून पुरतं कळत नाही. पोटरीभर चिखलात उभं राहायचं, कमरेत घडी घालायची, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या कोवळ्या रोपांची, पेंढी, उजव्या हातानं दोन-तीन काड्या सुट्या करून चिखलात रोवायच्या आणि मागं मागं सरकत जायचं. धुऱ्यालगतची, शेताच्या बांधालगतची जागा जिची, तिच्या हाताच्या वेगानं बायकांची सगळी रांग चालते. ती जागा वर्षानुवर्षं तुळसाची होती. तिची कंबर एकदा वाकली की दुपारच्या पेजेलाच सरळ व्हायची. मोठे शेतकरी मधुकरराव, त्यांच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, टोलीला लागूनच. त्यांचा निरोप यायचा तोही "तुळसाले सांगा, सोमवारी पऱ्हे निघते" असाच.

घर साधं, सिमेंटच्या पत्र्यांचं. पण अंगणात बोरिंग होती, हातानं हापसायची. ती बोरिंग त्या घराची इज्जत होती, आणि तिची गोष्ट सांगितल्याशिवाय तुळसाची पुढची गोष्ट कळायची नाही.

डोमाची आई रुखमिणी. तिच्या काळात टोलीला जवळचं पाणी एकच, मधुकररावांच्या वाडीतली विहीर. विहिरीला उंच दगडी ओटा. ओट्यावर त्यांच्या घरच्या बायका असायच्या. टोलीतल्या बायकांनी खाली पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, कमरेवर घेऊन उभं राहायचं आणि वरून कुणी बादली ओतेल तेव्हा पुढं करायचा. धम्म घेऊन दोन पिढ्या होत आल्या होत्या, शाळेत पोरं एका बाकावर बसत होती, पण त्या ओट्याच्या पायऱ्या टोलीतलं कुणी चढलं नव्हतं. चढू नका असं तोंडानं कुणी म्हणत नव्हतं, आणि या असंही म्हणत नव्हतं.

तुळसा नवी नवरी होऊन आली तेव्हा सासूबरोबर एकदाच त्या विहिरीवर गेली. वर मधुकररावांची बायको आनंदाबाई उभी होती, तीही तेव्हा तरुण, सासूच्या धाकातली. तिची सासू वाडीच्या दारात बसून बघत होती. आनंदाबाईनं घाईनं बादली उपडी केली. अर्धं पाणी गुंडात गेलं, अर्धं तुळसाच्या नव्या लुगड्यावर. रुखमिणी तिला घेऊन सरळ घरी आली. पुढच्या आठवड्यात तिनं बैलजोडी विकली आणि टोलीत बोरिंगची गाडी आणली. दिवसभर खडकाचा भुगा उडत होता. रात्र पडायच्या आत खूप खालून पाणी लागलं, स्वच्छ, थंडगार.

पहिला पेला तिनं सुनेच्या हातात दिला. "घे, पे. तुह्यासाठी मारली हे. ह्या घरचा गुंड आता त्या विहिरीवर जाणार नाही. कधीच."

आणि दुसरा नियम घातला. इथं कुणी कुणाला ओतून द्यायचं नाही. ज्याला पाहिजे त्यानं यावं, दांडा धरावा आणि आपल्या हातानं हापसून घ्यावं. एका उन्हाळ्यात विहीर तळाला गेली तेव्हा आनंदाबाई दोन गुंड घेऊन अंगणात येऊन उभी राहिली. तुळसा हापसून द्यायला पुढं झाली, तर रुखमिणीनं तिचा हात धरला. "राहू दे. घेतीन त्या आपल्या हातानं." आनंदाबाईनं पदर खोचला आणि दांडा मारला. ओंजळीनं प्यायली, आणि म्हणाली, "गोड आहे जी पाणी तुमचं." रुखमिणी त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवली, असं डोमा अजून सांगतो. आनंदाबाई आणि तुळसाची ओळख वाढली तीही तिथूनच.

रुखमिणीची शेवटची वर्षं खाटेवर गेली. अंग लाकडासारखं कडक झालं होतं, कूस बदलायची तर दोघं लागायचे. सगळे म्हणाले, वात. तीही म्हणायची, वात. पाणी मात्र शेवटपर्यंत बोरिंगचंच मागायची, ताजं हापसलेलं.

तुळसाचं दुखणं सुरू झालं ते पायाच्या नखांपासून. एक दिवस नखं काढायला बसली तर हात पायापर्यंत पोचेना. भावनानं काढून दिली. मग चुलीपुढं बसता येईना म्हणून गॅस उंच मेजावर गेला. मग रात्रीची कूस. मागच्या रोवण्याला तिनं धुऱ्याची जागा सोडली आणि पऱ्ह्याच्या पेंढ्या पोचवायचं काम घेतलं, जे पोरींचं असतं. बायका पाहत होत्या.

डोमाच्या चुलतभावाची बायको शालू, तुळसाची जाऊ. तोंडाची तिखट, मनानं तशी वाईट नाही, पण बोलल्याशिवाय राहवायचं नाही तिला. "अंग तं पाहा, तब्येत तं पाहा," ती रांगेतून म्हणाली, "अन वाकता येत नाही म्हणते. पोरगी पगार आणून राहिली नं, आता कायले वाकीन?"

बायका हसल्या. तुळसानं ऐकलं, पण मान वळवून बघता येईना, आणि अख्खं वळून बघण्याइतकं ते बोलणं मोठं नव्हतं.

डोमाही फोनवर म्हणायचा, "जरा हातपाय हलवत जा. बसलं की अंग बसतेच." आसगावच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, झंडू बाम झाला, गरम विटेचा शेक झाला. तिला दुखणं जाण्याची तेवढी आस उरली नव्हती. आपण खोटं बोलत नाही हे कुणीतरी म्हणावं, एवढंच वाटायचं.

यंदा रोवण्याच्या आधी समाजमंदिरात हाडांच्या तपासणीचं शिबिर लागलं. गोळ्यांच्या कुठल्याशा कंपनीचं होतं, फुकट. लहानशी पेटी, तिच्यात टाच ठेवायची, आणि मशीनमधून चिठ्ठी निघायची. चिठ्ठीवर खाली लाल पट्टा, मध्ये पिवळा, वर हिरवा, आणि त्यात आपल्या हाडाचा एक ठिपका. टोलीतल्या आणि आजूबाजूच्या, चाळिशी ओलांडलेल्या सगळ्या बायका रांगेत बसल्या. तुळसा भिंतीला टेकून उभी होती.

एकेक चिठ्ठी येत गेली. बाहेरच्या बायकांच्या उणे दोन, उणे अडीच, टोलीतल्या बायकांच्या शून्याच्या आसपास. आनंदाबाईचा ठिपका तर लाल पट्ट्याच्या तळाशी. "माहं तं लाल निघालं वो," ती म्हणाली, "आता बुढ्याले सांगतो, भांडे तू घास म्हणून."

"मधुकरराव भांडे घासतीन, तं आम्ही तिकीट काढून पाह्यले येऊ," शालू म्हणाली.

तुळसाची चिठ्ठी निघाली तेव्हा मशीनवरचा नागपूरचा मुलगा थांबला. त्यानं पुन्हा टाच ठेवायला लावली, मग दुसरी टाच. ठिपका हिरव्या पट्ट्यात नव्हता. त्याच्याही वर, जिथं रंगच नाही अशा कोऱ्या जागेत होता. अधिक चार पूर्णांक काहीतरी. मुलानं डोकं खाजवलं आणि हसून म्हणाला, "मावशी, तुमची हाडं तं लोखंडाची आहेत. अशी चिठ्ठी मी कधी काढली नाही. तुम्हाला गोळ्यांची गरजच नाही."

झालं. त्या दिवसापासून टोलीत तिचं नाव लोखंडी बाई पडलं.

संध्याकाळी भावनानं चिठ्ठी वाचून दाखवली. "आई, हे बघ, शून्य म्हणजे तिशीतल्या धडधाकट बाईचं हाड. उणे म्हणजे तिच्यापेक्षा कमी. तुझं अधिक आहे. म्हणजे तिच्यापेक्षाही भरीव."

"मंग दुखते काहून?"

भावनानं चिठ्ठी उलटून पाहिली. ज्या घरात मार्क कमी पडले की पोरगी रडायची आणि जास्त पडले की पेढे वाटायचे, तिथं अधिकाचा आकडा वाईट असू शकतो हे कुणाच्या मनात यायचं कसं? रोवण्यासाठी घरी आलेला डोमा चिठ्ठी हातात घेऊन म्हणाला, "मशीन काय खोटं बोलते का? तुह्या मनात भीती बसली आहे. एक डाव बांधीत उतर, सगळं मोकळं होते."

तुळसा रात्रभर विचार करत राहिली. मशीन म्हणते चांगलं, पोरगी म्हणते चांगलं, नवरा म्हणतो चांगलं. मग आपणच स्वतःशी खोटं बोलत असू, तर? माणसाला स्वतःचं दुखणंही खोटं वाटायला लागावं, याहून एकटेपण कोणतं असेल?

सोमवारी मधुकररावांच्या बांधीत ती उतरली, आणि धुऱ्यालगत आपल्या जुन्या जागेवर उभी राहिली.

"आली वो लोखंडी बाई," शालू म्हणाली. "आता आपलं काही खरं नाही, पळा लागते हिच्यामागं."

तुळसानं पेंढी घेतली आणि वाकली. कंबर निम्म्यावर अडली. मांड्यांतून जोर लावून तिनं स्वतःला खाली ढकललं, काड्यांचे दोन चूड रोवले, तिसरा रोवला. डोळ्यांपुढं बांधी काळी झाली. जरा टेकावं म्हणून ती धुऱ्यावर चढायला गेली आणि पाय निसटला. पडणं असं म्हणावं इतकंही ते नव्हतं, ती नुसती कलंडली आणि डावा हात टेकला. एवढ्याशा धक्क्यानं आतून आवाज आला, वाळला बांबू पायाखाली तडकावा तसा.

"लोखंड पडलं वो," कुणीतरी म्हणालं, "बांधीले भोक पडलं असंन पाहा." रांग हसली. उजव्या हातातली पेंढी तशीच धरून तुळसा बसलेली होती. आनंदाबाई पेज घेऊन धुऱ्यावरून येत होती, तिनं पहिल्यांदा पाहिलं की डावं मनगट हाताला नीट लागलेलं नाही. तिच्या हातातली पेजेची बादली तिथंच खाली बसली. मग कुणी हसलं नाही. शालूनं आपला पदर फाडला, हात गळ्यात बांधून दिला, आणि आसगावच्या दवाखान्यापर्यंत तिच्या पाठीला हात लावून बसून राहिली.

भंडाऱ्याच्या हाडांच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडावर धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. हाड एवढं पांढरं दिसत होतं की त्यातल्या रेषा दिसत नव्हत्या. प्लॅस्टर घालून तो म्हणाला, "कमरेचं अन मणक्याचं मोठ्या मशीनवर बघावं लागेल. नागपूरला जा." डोमानं खिशातून शिबिराची चिठ्ठी काढली. "पण साहेब, ह्याच्यात तं चांगलं आलं." डॉक्टर म्हणाला, "म्हणूनच जा म्हणतो."

नागपूरला पाळीनं आत बोलावलं तेव्हा तुळसाबरोबर भावना होती. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्म्याआडून शांत बघणाऱ्या. मणक्याचा आकडा टाचेहूनही वर गेला होता. त्यांनी तुळसाला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हनुवटी छातीला टेकवायला सांगितली, खाली वाकायला सांगितलं. तिला यातलं काहीच जमलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कुठंही "प्रयत्न करा" म्हटलं नाही. तुळसानं ते बरोबर टिपलं.

मग त्या भावनाकडे वळल्या. "तू मुलगी ना? हात खाली घे बघू. जरा हस."

भावना गोंधळली. हात खाली घेतला, ओठ ताणले. डॉक्टरीणबाई दोन क्षण दात बघत राहिल्या, आणि मग त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता तुम्ही?"

तुळसाचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा उजळला. "आमची स्वतःची बोरिंग आहे जी. अंगणातच. माह्या सासूनं मारली, लय खोल. गोड पाणी आहे, सारी टोली नेते."

"किती वर्षं झाली?"

"माह्या लग्नापासून."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी सावकाश सांगितलं. काही ठिकाणी खोल खडकातल्या पाण्यात फ्लोराईड असतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं की ते हाडात भरत जातं. मशीन फक्त हाड किती भरलेलं आहे ते मोजतं, किती चिवट आहे ते मोजत नाही. भरून भरून हाड जड होतं, सांध्याभोवतीच्या दोऱ्याही कडक होतात, आणि चिवटपणा निघून जातो. लहान मुलांच्या दातांवर ते आधी दिसतं. पाणी तपासून घ्या, म्हणजे खात्री होईल. पण मला फारशी शंका नाही.

"म्हणजे ओला बांबू वाकते, वाळला तडकते, तसं," तुळसा म्हणाली.

"तसंच."

"आता हे निघते का जी? भरलं थे?"

"जे कडक झालं ते मागे फिरत नाही. दुखणं कमी करता येईल. पाणी बदललंत तर पुढचं थांबेल." मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला खूप दुखत असणार. दुखणारच. एवढं सहन करून तुम्ही शेतात उतरलात कशा, तेच मला कळत नाही."

इतके दिवस तुळसा ज्या वाक्याची वाट पाहत होती, ते आलं होतं. पण ते आलं तेव्हा ती तिथं नव्हती. ती भावनाच्या दातांकडे बघत होती. राखेनं घासायला लावलेले, मिठानं घासायला लावलेले ते दात. आणि त्यामागून, खाटेवर लाकूड होऊन पडलेली, ताजं हापसलेलं पाणी मागणारी रुखमिणी.

भावनानं बाटल्यांत पाणी भरून भंडाऱ्याला तपासायला नेलं. एक बाटली आपल्या बोरिंगची. एक टोलीच्या नळाची, त्याची टाकीही खोल बोरिंगवरच भरायची. आणि तिसरी, आईला न सांगता, मधुकररावांच्या विहिरीची. उत्तर आलं. बोरिंगच्या पाण्यात फ्लोराईड चालतं त्याच्या चौपट निघालं, नळाच्या पाण्यात थोडं उन्नीस-बीस. विहीर उथळ, पावसाच्या झिरप्याची. तिचं पाणी निर्मळ.

डोमानं ऐकलं आणि तो अंगणात जाऊन बोरिंगच्या दांड्याला हात लावून उभा राहिला. तो वर्षातून आठ महिने बाहेरचं पाणी पीत होता, म्हणून त्याची कंबर शाबूत होती. हे त्याला आता कळलं होतं आणि कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. "माह्या मायनं बैल विकले होते," तो म्हणाला. "पोटच्यावानी जोडी होती."

"मायनं काही जाणूनबुजून केलं का?" तुळसा म्हणाली. "तिनं मले लेकीवानी वागवलं. जपलंच."

हे पाणी पिऊ नये याची खूण म्हणून भावनानं दांड्याला लाल रंग दिला. टोलीत सांगणं तुळसानं स्वतःकडे घेतलं. घरोघर जाऊन, दारात उभी राहून, अख्खी वळत वळत तिनं सांगितलं. धुण्याभांड्याला चालते, पिऊ नका, पोरांना तर नकोच. शालू सवयीनं बोलून गेली, "एवढे वर्षं पेलो, मेलो का?" मग तिची नजर तुळसाच्या कमरेवर गेली आणि तिथून स्वतःच्या गुडघ्यांवर. हल्ली उठताना तीही भिंत धरायची.

"तुह्यावर हसलो मी," ती हळूच म्हणाली.

"मीही हसत होतो नं," तुळसा म्हणाली.

पवनीहून पाण्याच्या कॅनची गाडी कोंढ्यापर्यंत यायची. डोमा होता तोवर सायकलवर आणत राहिला. दिवाळी झाली, कापणी उरकली, तो कामावर गेला. कॅनचं पाणी प्यायला कसंबसं पुरायचं, भाताला आणि पेजेला पुरेना, आणि डॉक्टरीणबाईंनी रांधायलाही तेच वापरा म्हणून बजावलं होतं. भावना एका सकाळी गुंड घेऊन निघाली. "आनंदाबाई कधीच्या बोलावून राहिल्या, आई. आता तसं काही नाही राहिलं."

"ठेव थो गुंड."

"काहून?"

"मी जातो."

"तुले उचलते का?"

"अर्धा आणीन. पण मीच जातो. तू नाही." आणि तिच्या हातून गुंड घेऊन ती निघाली.

वाडीतली विहीर तशीच होती. भाजीच्या वाफ्यांसाठी मोटर बसली होती, पण मोटरच्या पाण्याला तेलाचा वास येतो म्हणून प्यायचं पाणी आनंदाबाई अजून दोरानंच काढायची. तुळसाला पाहून तिच्या हातातला दोर थांबला. तिच्या सासूला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. वाडीचं दार मोकळं होतं.

"ये," आनंदाबाई म्हणाली. "वर ये. घे आपल्या हातानं."

किती साधं बोलली ती. रुखमिणीनं उभ्या जन्मात न ऐकलेला शब्द. तुळसानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पायऱ्या जुन्या घडणीच्या, उंच उंच. तिनं जोर लावला, भिंतीचा दगड धरला, पुन्हा जोर लावला. दुसरा पाय जमिनीवरून उचलला गेला नाही. गुडघा तेवढा दुमडतच नव्हता. ती तशीच उभी राहिली, एक पाय पायरीवर, एक खाली.

"थांब, मी गुंड भरून खाली आणतो," आनंदाबाई म्हणाली.

"भरला गुंड घेऊन ह्या पायऱ्या उतरशीन? तुही तं लाल चिठ्ठी," तुळसा म्हणाली. "पडली तं मधुकरराव मले धरतीन. तिथूनच ओत."

आनंदाबाईनं बादली ओट्यावर ठेवली. "नाही बाई. तसं नाही ओतत मी."

वाफ्यात कुणाची तरी कोंबडी उकरत होती. आनंदाबाईचे डोळे तुळसाच्या लुगड्यावर होते, जिथं फार वर्षांपूर्वी पाणी पडलं होतं. तिला ते आठवत होतं. तुळसाला कळलं की तिला ते आठवतं आहे.

"ओत, बाई," तुळसा म्हणाली. "पेज चढवायची आहे मले."

तिनं गुंड कमरेवर घेतला. आनंदाबाई ओट्याच्या कडेला खाली बसली, जितकी खाली येता येईल तितकी, आणि तिनं बादली कलती केली. करंगळीएवढी धार, हळूहळू. एक थेंब बाहेर पडला नाही. तुळसा पाण्याकडे बघत होती, वर बघायला मानच जात नव्हती. अर्धा गुंड भरायला एवढा वेळ कधी कुणाला लागला नसेल.

संध्याकाळी भावना घरी आली, पेला भरून प्यायली, आणि तिला ते पाणी कुठलं हे विचारावं लागलं नाही. जेवताना म्हणाली, "उद्या सकाळी दुकान उशिरा आहे. उद्या मी आणतो."

तुळसा ताटाकडे वाकू शकत नसे म्हणून उंच मेजावर ताट ठेवून उभ्यानंच जेवत होती.

"तुह्या आजीनं मले परत तिथं जाऊ दिलं नाही," ती म्हणाली. "मी तुले नाही जाऊ देणार. मी आहो तोपर्यंत नाही."

तुळसानं भाताचा घास घेतला आणि म्हणाली, "भात मऊ झाला नं आज."

"हाव," भावना हसून म्हणाली. तिचा हात तोंडावर होता. तुळसानं जवळ जाऊन, आपल्या अवघडलेल्या हातानं, तो हळूच खाली केला.